ज्याचं सील त्याचं पोट

साडूनं पाकीट उघडायच्या आधी कानाशी धरलं आणि दोन्ही अंगठ्यांनी दाबलं.

"कलिंगड आहे का ते?" मी म्हणालो. "आण इकडं, गरम करू."

"हवा ऐकतोय."

"काय म्हणते हवा?"

"आत आहे म्हणते."

एवढं बोलून त्यानं पाकिटाच्या कडेवरून एकदा अंगठा फिरवला, ते माझ्या हातात दिलं आणि पुन्हा तळ्याकडे बघत बसला. दुपारभर टेकडी चढून आम्ही दोन म्हातारे या तळ्याकाठी आलो होतो. तंबू मी एकट्यानंच ठोकला होता आणि तो माझ्यासारखाच एका बाजूला कललेला होता. साडू दगडाला टेकून बसलेला. सदरा अंगावर असा, जसा खुंटीवर अडकवावा.

आमच्या बायका सख्ख्या बहिणी, म्हणून आम्ही साडू. मी जन्मभर फौजेच्या रसदीचा ट्रक चालवला. तो जन्मभर त्याच रसदीच्या कारखान्यात जेवणाच्या पाकिटांना सील मारत बसला. म्हणजे तो तोंडं बंद करायचा आणि मी ती बंद तोंडं डोंगरावर पोचवायचो. स्वतःचं तोंडही त्यानं तसंच ठेवलेलं, म्हणून कारखान्यात त्याला सगळे 'सीलबंद' म्हणत. माझं तोंड मात्र कुठल्याही यंत्राला दाद देणार नाही, असं आमच्या घरातून सांगण्यात येतं.

आता त्या पाकिटांचा आणि माझा घरोबा जुना. त्यातली बिस्किटं तुम्ही बघितली नसतील. एकदा ऐन चढावर माझ्या ट्रकचा ब्रेक गेला, मागं दरी. मी उडी मारली आणि चाकाखाली एक बिस्किट सरकवलं. ट्रक जागच्या जागी! खाली उतरल्यावर साहेबांनी तेच बिस्किट चहात बुडवायला मागितलं. आणि एका बकरीनं तर बटाटा-वाटाण्याचं अख्खं पाकीट कागदासकट खाल्लं होतं. ती पुढं जन्मभर पाय आपटत चालायची आणि अधिकारी दिसला की कान ताठ करायची. हे सगळं मी घरात इतक्यांदा सांगितलंय, की बकरीचं नाव निघालं तरी आमची ही उठून स्वयंपाकघरात जाते. साडू तेवढा शेवटपर्यंत ऐकायचा. हसायचा नाही, अडवायचा नाही. श्रोता असावा तर असा.

गेल्या वर्षी या श्रोत्याच्या घशाला रोग झाला. किरणांचे उपचार झाले, रोग गेला. डॉक्टरीणबाईंनी पाठ थोपटली. पण रोग रिकाम्या हातानं गेला नाही. जाताना जिभेवरची चव घेऊन गेला. गिळता सगळं येत होतं, पण "ओला पुठ्ठा चघळल्यासारखं लागतं," असं तो मला एकदा म्हणाला. तेही मी फारच खोदून विचारलं म्हणून.

मेहुणीनं काही करायचं शिल्लक ठेवलं नाही. मऊ भात झाला, सूप झालं, दुधातलं झालं, अंड्यातलं झालं. तो चार घास घ्यायचा, ताट हळूच पुढं सरकवायचा आणि म्हणायचा, "छान झालंय."

हे 'छान झालंय' ऐकलं की मेहुणी धास्तावायची. कारण धडधाकट असताना या माणसानं तिच्या स्वयंपाकाला एकदाही छान म्हटलं नव्हतं. पहिला घास घेतला की "मीठ कमी आहे," हे ठरलेलं. नवी नवरी होती तेव्हापासून. मग ती मिठाचा डबा आणून ताटाशी आपटायची, "घाला मेलं हवं तेवढं!" म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी हटकून मीठ कमीच घालायची. त्यांचा संसार असा छान चालला होता.

आता तो मिठाचा डबा ओट्यावर गप्प बसून होता आणि साडू दिसामाशी वाळत चालला होता. शेवटी डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "रोगातून वाचलेत, आता उपाशी राहून जायचंय का? पुढच्या तपासणीला वजन आणखी उतरलं असेल, तर पोटाला नळी लावावी लागेल."

दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना साडूनं माझा दंड धरला. "नळी नको," म्हणाला. तेवढंच. पण दंडावरची बोटं घर येईपर्यंत सुटली नाहीत.

त्याच संध्याकाळी मेहुणी माझ्या समोर येऊन उभी राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "जन्मभर एवढ्या थापा मारल्यात. यांच्या पोटात चार घास जातील अशी एखादी मारा की."

झालं. माझ्या कलेला घरातून मिळालेलं हे पहिलं निमंत्रण. मी फौजेच्या जुन्या मालाच्या दुकानात गेलो आणि पाकिटांचं एक लहान खोकं घेऊन आलो. साडूला म्हणालो, "अरे, जन्मभर तू ही बंद केलीस. पण ज्या जागी ती उघडतात, ती जागा कधी बघितलीस का? चल, डोंगरावर जाऊ, तंबू टाकू." डॉक्टरीणबाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, चालल्यानं भूक लागत असेल तर खुशाल चाला, फक्त त्यांना मऊ तेच द्या. आमची ही म्हणाली, "दोघांपैकी एक जण तरी चालत परत या."

अशी आमची स्वारी तळ्याकाठी आली.

पाकिटाबरोबर एक चपटी पिशवी असते. तिच्यात घोटभर पाणी घातलं की ती आपोआप फसफसून तापते. चूल नको, काडेपेटी नको. आमची दोन पाकिटं मी तिच्यात सरकवून दगडाला टेकवून ठेवली. वाफ यायला लागली, वास सुटला. माझ्या पोटात कावळे ओरडायला लागले. साडूच्या पोटातले कावळे बहुधा गाव सोडून गेले होते.

मी त्याचं पाकीट फाडून त्याच्या हातात दिलं. त्यानं एक चमचा घेतला. बराच वेळ तोंडात घोळवला. गिळला. मग पाकीट हळूच बाजूला ठेवलं.

"छान आहे," म्हणाला.

टेकडी चढून झाली, तंबू ठोकून झाला, आणि पदरात काय, तर 'छान आहे'!

आता साडूच्या कारखान्यातली एक रीत तुम्हाला सांगायला हवी, नाहीतर मी पुढं जे केलं ते निव्वळ वेडेपणाचं वाटेल. सील नीट नसलं की आत हवा शिरते आणि अन्न नासतं. म्हणून पाकिटाबद्दल कुठून तक्रार आली, की ज्याच्या यंत्राचं ते सील, त्याला सगळ्यांसमोर टेबलाशी बसवायचे. त्याच खोक्यातलं पाकीट त्यानं स्वतःच्या हातानं उघडायचं आणि शेवटच्या चमच्यापर्यंत खायचं. खाल्लं तर तक्रार खोटी. मागं सरला, तर यंत्रावरून उठायचं. 'ज्याचं सील त्याचं पोट' म्हणत त्याला. साडूवर ही पाळी एकदाच आली होती. त्यानं टोपी काढून बाजूला ठेवली, सगळं खाल्लं आणि तक्रार घेऊन आलेल्या अधिकाऱ्याला विचारलं, "आणखी एक आहे का?" ही थाप नाही. ही मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितलेली गोष्ट आहे. माझ्या गोष्टींत तशाही थोड्याफार आहेत.

तर मी माझ्या पाकिटातले दोन चमचे घेतले, तिसरा घेताना थांबलो आणि पोट धरलं.

"आई गं!"

"काय झालं?"

"कळ! अरे कळ आली! मेलो!" मी गवतावर आडवा झालो. एकदा या अंगावर लोळलो, एकदा त्या. माझे गुडघे असे आहेत, की खाली बसताना दोन माणसं लागतात. पण लोळलो. "पाकीट नासलेलं आहे. सील सुटलं असणार!"

"सील?" साडू म्हणाला.

"तुमच्याच कारखान्याचं आहे. दुकानदारानं शपथेवर सांगितलं. तुझ्या शेवटच्या वर्षातला माल दिसतोय. म्हातारपणी हात थरथरला असेल, होतं माणसाचं. आई गं!"

साडू माझ्याकडे बघत राहिला. मी एका डोळ्याच्या फटीतून त्याच्याकडे बघत होतो. त्याचा चेहरा नेहमीसारखाच, काही कळू न देणारा. क्षणभर मला माझीच लाज वाटली. खंगलेल्या माणसाच्या हाताला नावं ठेवायची म्हणजे काय!

"तुझं पाकीट दे इकडं," तो म्हणाला.

तो दगडावर ताठ बसला. टोपी काढून बाजूला ठेवली. माझं पाकीट दोन्ही हातांत धरलं आणि खायला लागला. एक चमचा. दुसरा. डोळे मिटून, औषध घ्यावं तसा. मी लोळायचं विसरून बघत होतो, मग आठवण झाली की पुन्हा कण्हायचो. मध्येच तो थांबला. चमचा तोंडातच.

"काय रे?" मी विचारलं. आता माझ्या पोटात खरंच कळ आली.

त्यानं चमचा काढला. ओठांवरून जीभ फिरवली.

"खारट," म्हणाला.

"म्हणजे वाईट?"

"खारट म्हटलं मी. वाईट म्हटलं का?"

आणि त्यानं पुढचा चमचा भरला. तो डोळे उघडे ठेवून घेतला.

मला सांगा, फौजेच्या जेवणात मीठ जास्त असतं म्हणून आजवर हजार जणांनी शिव्या घातल्या असतील. त्या मिठाला मी तिथं गवतावर पडल्यापडल्या मनातून सलाम ठोकला.

माझं पाकीट संपलं. मग त्यानं स्वतःचं, निवायला आलेलं, पुढं ओढलं.

"ते कशाला? ते तर चांगलं आहे ना?"

"एकाच खोक्यातलं आहे. दोन्ही तपासावी लागतात. नियम आहे."

असा नियम कारखान्यात नव्हता. पण मी विषबाधा झालेला माणूस, मी काय बोलणार? त्यानं दुसरंही संपवलं आणि चमच्यानं कोपरे खरवडले. खोक्यात आणखी पाकिटं होती, पण मरणाच्या दारात उभा असलेला माणूस जेवण कसा मागेल? अंधार पडल्यावर आम्ही तंबूत आडवे झालो. मी पांघरुणात तोंड घालून एक बिस्किट हळूहळू चावायला घेतलं.

"तंबूत उंदीर शिरलाय वाटतं," साडू अंधारातून म्हणाला.

मी चावायचा थांबलो.

"खाऊ दे त्याला," तो म्हणाला आणि कुशीवर वळला.

सकाळी उतरताना तो पुढं आणि मी मागं.

"पोट कसं आहे साडूभाऊ?" त्यानं मागं वळून विचारलं.

"बरं आहे आता. फौजी पोट, काय होतंय त्याला!"

"हं." थोडं चालून झाल्यावर त्यानं खिशातून रिकामं पाकीट काढलं. तळ्याच्या पाण्यात धुऊन, पुसून घडी केलेलं. "ही कड बघ. माझ्या यंत्राच्या जबड्याला कोपऱ्यात एक खाच होती. माझ्या प्रत्येक सीलवर नखाएवढी चंद्रकोर उमटायची. इथं आहे?"

मी पाकीट डोळ्यांजवळ नेलं, लांब नेलं. कड सरळ होती. चंद्रकोरीचा पत्ता नव्हता. जन्मभर ट्रक भरभरून ती पाकिटं वाहिली, पण कड बघायचं कधी सुचलं नव्हतं.

"दुसऱ्याच कुठल्या कारखान्याचं आहे हे," तो म्हणाला. "पण हात चांगला आहे. सरळ मारलंय."

"तुला हे कळलं कधी?"

"उघडायच्या आधी."

"म्हणजे मी लोळत होतो तेव्हा...?"

"तेव्हा मी बघत होतो."

"मग खाल्लंस कशाला, शहाण्या?"

वाट उताराची होती. त्यानं मला हात दिला, मी एक दगड उतरलो.

"चाळीस वर्षं तुझ्या थापा ऐकतोय," तो म्हणाला. "सगळ्या बसल्या जागेवरून मारलेल्या. काल पहिल्यांदा एक अशी मारलीस, की जमिनीवर लोळलास. या गुडघ्यांनिशी. म्हटलं, एवढ्या मेहनतीची थाप वाया कशी घालवायची?"

खाली सडकेला लागेपर्यंत मी एकही थाप मारली नाही. हे मी आमच्या घरात सांगितलं, तर कुणी विश्वास ठेवणार नाही.

विश्वासाचं म्हणाल, तर दारातच परीक्षा झाली. दोघी बहिणी वाट बघत उभ्याच होत्या.

"खाल्लं का यांनी काही?" मेहुणीनं साडू आत गेल्यावर हळूच विचारलं.

"दोन पाकिटं! एक त्याचं आणि एक माझं. कोपरे खरवडून!"

तिचा चेहरा पडला. "भाऊजी, आता तरी खरं सांगा हो."

"अगं, शपथ!"

"अहो," आमची ही म्हणाली, "निदान तिला झेपेल एवढी तरी मारा."

काय करता! जन्मात एकदा नुसतं खरं घेऊन आलो, तर ते खपेना.

मेहुणीनं पानं वाढली. मऊ भात आणि वर काही पातळसं. साडू बसला. आम्ही तिघंही इकडंतिकडं बघण्याचं सोंग करत त्याच्याकडंच बघत होतो. त्यानं पहिला घास घेतला. चावला. मेहुणीचे हात मांडीवर घट्ट धरलेले. तिला ते दोन शब्द ऐकायचे नव्हते. त्यानं घास गिळला, पुन्हा एक घेतला आणि तोंडातल्या तोंडात काहीतरी जोखत राहिला.

"मीठ कमी आहे," म्हणाला.

मेहुणी उठली आणि आत गेली. मिठाचा डबा ओट्यावरच होता, हात लांबवला की मिळेल असा. झाकण उघडल्याचा आवाज आला. लावल्याचा आला. मग बऱ्याच वेळानं पुन्हा उघडल्याचा. आमची ही उठायला लागली, तसा मी तिचा पदर धरून तिला खाली बसवलं.

साडू ताट पुढ्यात ओढून, एक हात त्याच्या काठावर ठेवून, डब्याची वाट बघत बसला.