डिकीतला टायर रस्त्याला लागतो

मी आता जे सांगणार आहे ते तुम्हांला पटणार नाही. लावता पैज? या लिंबाखाली बसून आजवर जेवढ्यांनी ऐकलं, त्यांतल्या एकालाही पटलेलं नाही. तरी मी सांगायचं सोडत नाही. दिवसभर फांदीला लटकून राहणाऱ्याला दुसरा उद्योग तरी काय?

मित्रांनो, मी एक जुना टायर आहे. आज माझ्यात बसून मुलं झोके घेतात, पण माझा जन्म झोक्यासाठी झाला नव्हता. कारखान्यात मला साच्यातून काढलं, तेव्हा माझ्या अंगावरची नक्षी बघत बघत फाटकावरचा पहारेकरी जेवायचं विसरला. पुढं, अठ्ठ्याऐंशी साली, जाफराबादजवळच्या रामरावांनी पांढरी फियाट घेतली आणि मला डिकीत टाकलं. स्टेपनी म्हणून! माझे चार भाऊ रस्ता बघायचे. मी मात्र सरकीची पोती, पाहुण्यांच्या वळकट्या आणि एकदा तर जिवंत बोकड उरावर घेऊन अंधारात पडलेला. जमीन कशी असते हे मला ठाऊकच नव्हतं.

आमचा रस्ता एका गाडीपुरता. समोरून एसटी आली की रामराव डावी चाकं खाली खडीत उतरवायचे. त्यामुळं डावीकडचे दोघे भाऊ घासून तळहातासारखे गुळगुळीत झाले, आणि उजवीकडचे दोघे डांबरावरून जावयासारखे मिरवत राहिले.

अशात एका पावसाळ्यात रामरावांच्या लेकीला, बेबीनंदाला, जालन्याहून बोलावणं आलं. नर्सच्या शिक्षणासाठी मुलाखत होती. रामरावांनी आधीच बजावलं होतं, "निवड झाली तर शीक. न्हाई झाली, तर अंबडचं स्थळ पक्कं." पोरीच्या तोंडचं पाणी पळालं होतं. त्यातच आदल्या दिवशी सालदार कचरू गाडी धुता धुता थबकला.

"मालक, डावी चाकं पार गेली. उद्या चिखलात गाडी घसरंल. इथंच अंगणात अदलाबदल करू. डावी उजवीकडं, उजवी डावीकडं."

"बिलकुल न्हाई!" रामराव गरजले. "उजव्या बाजूचा बैल डावीकडं जुंपला तर नांगर सरळ चालंल का? जे चाक जिथं रुळलंय, तिथंच राहू दे."

ओसरीवर शेंगा फोडत बसलेल्या चतुराबाई, म्हणजे त्यांच्या कारभारीण, हसल्या. "आवं, चाकाला काय शिंगं हायत? अन् दमलेल्या बैलाला तुमी सोडताच की न्हाई? डिकीतलं ते एक नुसतं बसून खाऊन राह्यलंय, त्याला जुंपा!"

ते एक म्हणजे मी. मित्रांनो, मला इतका आनंद झाला की माझ्यातली हवा आपोआप वाढली.

रामरावांनी डिकीची किल्ली कचरूपुढं टाकली, म्हणजे राजी झाले. कचरूनं चाकांना दगड लावले, नट आधी सैल केले आणि मग जॅक फिरवायला घेतला. गाडी वर जायच्या ऐवजी जॅकच काळ्या मातीत खाली चालला. चतुराबाईंनी आत जाऊन रामरावांचा जेवायचा पाट आणला आणि जॅकखाली सारला.

"अगं, माझा पाट!"

"आज उभ्यानं जेवा."

मागचं उजवं चाक डावीकडं आलं, डावं उजवीकडं गेलं. पुढच्या डाव्या भावाला विसाव्यासाठी डिकीत निजवलं आणि त्याच्या जागी मला बसवलं. चतुराबाईंनी प्रत्येकाला हळदीकुंकू लावलं. गाडी खाली टेकली आणि मला पहिल्यांदा माती लागली. गार, मऊ, शेणाचा वास असलेली.

गोष्ट रंगात आली की उपदेश राहून जातो, म्हणून आत्ताच एक विनंती करतो. तुमच्या घरी गाडी असेल तर अधूनमधून चाकांच्या जागा बदला. झिजणाऱ्याला सोडवा, बसलेल्याला काम द्या. आम्हांला तोंड नसतं. आम्ही झिजतो तेही मुकाट्यानं, आणि फुटतो तेव्हा मात्र सगळ्यांना ऐकू जातं.

तर सकाळी आम्ही निघालो. पाऊस लागलेला. ओढ्याच्या उतारावर नुसता चिखल, आणि वळणापलीकडं अख्खा रस्ता अडवून म्हशी उभ्या! रामरावांनी ब्रेक दाबला. गाडी डावीकडच्या खड्ड्याकडं सरकायला लागली. मागच्या सीटवर बेबीनंदानं आईचा हात घट्ट धरला. तेवढ्यात मी काय केलं म्हणता? जमिनीत दात रोवले, फियाट उचलली आणि सगळ्या म्हशींवरून उडवून अलगद ओढ्यापलीकडं ठेवली! चतुराबाईंच्या मांडीवरच्या डब्यातलं वरणसुद्धा हललं नाही. म्हशी माना वर करून...

"खोटं!"

कोण म्हणून पाहतो, तर साक्षात बेबीनंदा. जालन्याच्या दवाखान्यातून सुट्टीवर आलेली, लेक उमाला झोक्यावर बसवायला निघालेली.

"कधी उडाल्ती रे गाडी? म्हशीच्या शेपटीला टेकायच्या आत थांबली, बस्स! आबा घामानं भिजल्ते, मी डोळे मिटून घेतल्ते. तू तिथं रस्ता धरून ठेवला, म्हणून मी मुलाखतीला पोचले अन् आज नर्स हाये. एवढं काय कमी केलं व्हय तू, की वर उडायला पाहिजे?"