मैदानावरची पसंती

मी कॉलेजात समाजशास्त्र शिकवते आणि खेळ हा माझा हट्टाचा विषय. पोरगी मैदानात उतरली, गावाने तिच्या नावाने टाळ्या वाजवल्या, की घरचे तिच्या लग्नाची घाई करत नाहीत, असं मी प्रत्येक परिषदेत घसा फोडून सांगत आले. शेवटी युसूफ वडगाव नावाच्या गावाजवळ एका खेड्यात मुलींच्या कबड्डीचे दोन संघच उभे केले. म्हटलं, घ्या, आता डोळ्यांनी बघा.

दसऱ्याआधीच्या रविवारी शाळेच्या मैदानावर सामना होता. तोबा गर्दी. पंधरा वर्षांची वैष्णवी चढाईला गेली आणि तिघींना फरफटत ओढून मध्यरेषेला टेकली. पुढच्या रांगेतला एक जाडजूड पाहुणा तर उभा राहून टाळ्या पिटत होता. मी खूश. वैष्णवीच्या आईला, तुळजाबाईंना म्हटलं, "बघा, काय कौतुक चाललंय पोरीचं!"

"व्हय तर. ऊसतोडीच्या टोळीचे मुकादम हायेत ते. शेजारी बसलाय त्यो त्यांचा पुतण्या. पोरगी पसंत हाय म्हनले. दसरा झाला की लगीन, आन् तसंच कारखान्यावर."

मला आधी कळेचना. ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी लागते, दोघं मिळून एक कोयता, हे मला माहीत होतं. पण त्यासाठी सून हेरायला कुणी माझ्या सामन्याला येईल?

"आवो म्याडम, घरी बघायला गेलं की पोरगी मान खाली घालून पोहे देती," तुळजाबाई मलाच समजावू लागल्या. "उसाची मोळी उचलंल का न्हाई, ते कसं कळावं? हितं समदं दिसतंय. तुमचे लई उपकार झाले."

उपकार! "पोर पंधराची आहे! पोलिसांत जाईन मी," मी ओरडले. तुळजाबाईंनी तोंड फिरवलं.

मध्यंतरात वैष्णवीला बाजूला घेऊन सगळं सांगितलं. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. पाणी न पिताच ती मैदानात परतली.

पुढच्या चढाईत समोरच्या संघातल्या तेजश्रीने तिचा घोटा धरला. एरवी वैष्णवीने तो झटक्यात सोडवून घेतला असता. आज ती धाडकन आडवी झाली आणि कंबर धरून विव्हळू लागली. "आई गं, उठवंना!" दोघींनी तिला धरून बाहेर आणलं. माझ्याजवळून जाताना तिने माझा हात दाबला आणि माझ्या ध्यानात आलं. शाबास गं पोरी!

मुकादमाने पुतण्याकडे बघून मान हलवली. "नाजूक हाय. एक मोसम न्हाई काढायची." तुळजाबाई रडकुंडीला आल्या. मी मात्र सुटकेचा निःश्वास टाकला.

मुकादम जागचा हलला नाही. मैदानाकडे बोट करून त्याने मलाच विचारलं, "म्याडम, हिला जिनं आडवी केली, ती कुणाची पोरगी?"

मैत्रिणींनी तेजश्रीला उचलून घेतलं होतं. चौदा वर्षांची ती पोर वरून हात हलवत मला हाका मारत होती, "म्याडम, बघितलं का? म्याडम!"