‘अढळ’ची शेवटची कामगिरी

अचल वर्गाच्या तीन युद्धनौका. पहिली, ‘अचल’, युद्धाच्या पहिल्याच हिवाळ्यात सुरुंगावर आदळून बुडाली. दुसरी, ‘अभेद्य’, आसपास शत्रू नसताना सरावाच्या गोळीबारात फुटली. तिसरी, ‘अढळ’, युद्धातून धडधाकट परतली, मग तिच्यावर नवशिके शिकले, आणि शेवटी ती भंगारात निघाली. लिलावात ती ज्या बाईंनी घेतली, त्यांचा धाकटा भाऊ ‘अभेद्य’वर तोफची होता.

तोफेखालच्या दारूखान्याचं लोखंडी दार दर फैरीला बंद करायचं, असा नियम. पण भराभर गोळे डागून शर्यतीची ढाल जिंकायची, तर एवढा वेळ कुणाला? या वर्गाच्या जहाजांवर ते दार सरळ दोरीने बांधून उघडं ठेवत. ‘अभेद्य’वर त्या दारातून आग आत गेली. कप्तान तेव्हा धक्क्यावर पाहुण्यांना सराव दाखवत होता, म्हणून वाचला. चौकशीत ठपका आला तोफचीवर : म्हणे, विडी ओढत होता. पोराने जन्मात विडीला हात लावला नव्हता.

तो कप्तान पुढे ‘अढळ’चा कप्तान आणि मग अ‍ॅडमिरल झाला. आता काठी टेकत भंगारखान्यात आला होता.

“बाई, ‘अढळ’ तेवढी तोडू नका. संग्रहालय करू. माझं उभं आयुष्य आहे त्यात.”

“दार कुणी बांधायला लावलं, ते वर्तमानपत्रवाल्यांसमोर सांगा. मग राहील जहाज.”

“गाडलेली मढी उकरून काय मिळणार?”

“गाडायला हाती लागलं होतं काय, साहेब?”

म्हातारा पाठ फिरवून निघून गेला. दुसऱ्या दिवशी मात्र कडक इस्त्रीच्या गणवेशात, छातीवर पदकं लावून धक्क्यावर हजर झाला. बातमीदार जमलेच होते. “दार उघडं ठेवण्याचा हुकूम माझा होता,” तो म्हणाला. “त्या तोफचीचा काही दोष नव्हता. विडीची गोष्ट मीच रचली.”

बाईंनी शेवटचा शब्द ऐकून घेतला. मग जहाजावर उभ्या असलेल्या मुकादमाकडे पाहून मान हलवली.

“चला रे!” मुकादम ओरडला. “कालपासून कटरचा नुसता गॅस जळतोय!”

जहाजाच्या पुढच्या टोकाला, नाळेवर, ठिणग्यांचा फवारा उडाला. अ‍ॅडमिरलचा चेहरा पांढराफटक पडला.

“बाई! तुम्ही शब्द दिला होता!”

“तुम्हीही दिला होतात. आमच्याच घरी, आईसमोर बसून. चौकशी होईपर्यंत गप्प राहा, पोराच्या नावाला बट्टा लागू देणार नाही, म्हणालात. आई गप्प राहिली. विडीबाजाची आई म्हणूनच मेली.”

अ‍ॅडमिरल काठी टेकत जायला वळला.

मुकादमाला दया आली असावी. वरूनच त्याने विचारलं, “ताई, साहेबांना घरी सोडायला गाडी काढू का?”

“गाडी नको. खुर्ची आण,” बाई म्हणाल्या. “जहाज मोठं आहे. वेळ लागेल.”