शेवटचा टेकू

छपराचे टेकू काढायचा दिवस उजाडला आणि इंजिनीयरीणबाईंची पाचावर धारण बसली. बाई कसली, वस्तीतलीच पोरगी. घरं बांधायचं शिक्षण घेऊन आली म्हणून चेष्टेनं सगळे तिला तसं म्हणत. वस्तीचं सभागृह आपल्या जुन्या पद्धतीनं, बांबू, माती आणि गवताचंच बांधायचं, एकही खिळा नको, सगळे सांधे काथ्याच्या गाठींनी बांधायचे, हा हट्ट तिचाच. पण सगळे एका छपराखाली मावावेत म्हणून तिनं ते जुन्या घरांच्या दुप्पट रुंद केलं होतं. एवढं धाडस त्यांच्यात आजवर कुणी केलं नव्हतं. कागदावर गणित चोख होतं हो, पण कागद काय, डोक्यावर थोडाच पडतो!

आणि रीत अशी, की टेकू निघताना ज्यानं छप्पर बांधलं त्यानं खाली उभं राहायचं. पडलं तर त्याच्यावर.

ती मधोमध जाऊन उभी राहिली. तेवढ्यात आत्या वाकून आत आली.

"आत्या, बाहेर हो!"

"का गं? त्या कोपऱ्यातल्या गाठी काय तुझ्या गणितानं मारल्या?"

आत्याच्या मागोमाग सुतारकाका आले, काथ्या वळणारे शेजारी आले, तान्ह्याला कडेवर घेऊन काकू आली. एकेक गाठ प्रत्येकानं मारली होती, मग बाहेर राहतंय कोण? आतापर्यंत तिला स्वतःच्या जिवाची भीती होती. आता या सगळ्यांच्या जिवाची.

"वेड लागलंय का? काकू, बाळाला तरी बाहेर ने!"

"बाहेर त्याला सांभाळायला आहे कोण?"

सुतारकाकांनी टेकू पाडायला सुरुवात केली. एक पडला की छप्पर करकरायचं आणि ती वरच्या गाठी न्याहाळायची. शेवटी तिच्याजवळचा एकच उरला. काकांनी ठोकायची लाकडी मोगरी तिच्या हातात दिली. "हा तुझा."

पहिला घाव चुकला. दुसऱ्याला टेकू पडला. छप्पर कण्हत चार बोटं खाली आलं, सगळ्यांच्या डोक्यावर माती झरली, बाळानं भोकाड पसरलं. तिनं डोळे गच्च मिटले.

मग करकर थांबली.

डोळे उघडले तर आत्याची नखं तिच्या मनगटात रुतलेली, आत्याचे ओठ थरथरत होते.

"आत्या, तू घाबरली होतीस?"

"घाबरू नको तर काय करू? एवढं रुंद छप्पर बापजन्मात पाहिलं नव्हतं!"

"मग आत कशाला आलीस?"

"तू आत होतीस ना!" आत्या खेकसली आणि मटकन खाली बसून रडायला लागली.