समोरचा धक्का

“त्या गावात कुणी ‘समोर’ म्हणालं की जागची हलू नकोस,” निघताना जाऊबाईंनी बजावलं होतं. “आधी विचार, कुणाच्या समोर?”

जाऊबाईंचं माहेर त्याच बंदराचं. मी माझ्या लेकीचे, ढब्बूचे, लंगोट पिशवीत कोंबत होते. म्हटलं, “ताई, मी भूगोल घेऊन बी.ए. केलंय. नकाशा कळतो मला.”

“तुला कळेल गं. तिथल्या माणसांना कळत नाही, त्याचं काय?”

मी हसण्यावारी नेलं.

माझा नवरा प्रवासी जहाजावर पाव भाजतो. सुट्टीवर निघालेली हजारो माणसं सकाळी न्याहारीला बसतात, त्यांच्यासाठी हा आणि याचे सोबती रात्रभर भट्टीपुढे उभे असतात. तो जहाजावर चढला तेव्हा मला सातवा लागला होता. लेक त्याने पाहिली ती फोनच्या काचेतून. तिला आता खालचे दोन दात आलेत, तरी बापाच्या कडेवर ती गेली नव्हती. जहाज त्या बंदरात एक दिवस थांबणार होतं आणि दुपारी त्याला थोडा वेळ बाहेर सोडणार होते.

पण मी नुसती लेक दाखवायला निघाले नव्हते. मला त्याला बघायचं होतं. अलीकडे त्याच्या बोलण्यातून काहीतरी निसटत होतं. एकदा त्याने विचारलं, “बोलायला लागली का गं?” मी सांगितलं, अजून कुठलं, नुसतं बा-बा-बा चालतं. तो हसला, दोन-चार गोष्टी बोलला आणि फोन ठेवता ठेवता पुन्हा, “बोलायला लागली का गं?” भर दुपारी म्हणाला, “झोपा आता, रात्र झाली.” मी टोकलं तर म्हणे, “पाववाल्याला दिवस काय नि रात्र काय!” सासूबाई म्हणाल्या, दमत असेल. असेलही. पण फोनमध्ये माणूस स्वतःला जेवढं दाखवतो तेवढाच दिसतो. मला तो जवळून, उजेडात बघायचा होता.

सकाळी बसमध्ये असतानाच त्याचा निरोप आला. “समोरच्या धक्क्यावर लागलोय. दुपारी सुटतो. ये.” जहाजाबाहेर पडलं की त्याचा फोन मुका होतो, त्यामुळे सगळी भिस्त तेवढ्या ओळीवर.

बंदराच्या बसने मला जिथे उतरवलं तिथे एक जहाज उभं होतं. केवढं! एखादी वसाहत उचलून पाण्यात ठेवावी तसं. गॅलऱ्यांवर टॉवेल वाळत होते. पण कमरेला लाल पट्टा, आणि आमच्या जहाजाला निळा. टोप्या घातलेले प्रवासी सहलीच्या गाड्यांत चढत होते. गाड्यांपाशी झेंडी घेऊन उभ्या असलेल्या एकाला विचारलं, “समोरचा धक्का कुठे आला हो?”

“तो काय, समोर.”

त्याने पाण्यापलीकडे बोट दाखवलं. खाडीच्या त्या बाजूला खरोखरच दुसरं पांढरं जहाज होतं. निळा पट्टा! माझा जीव भांड्यात पडला. जाऊबाईंना घरी गेल्यावर चिडवायचं, असंही मनाशी ठरवून टाकलं.

लाँच खचाखच भरली होती. ढब्बूने शेजारच्या आजोबांचा चष्मा ओढला, आजोबांनी तो परत मिळवला, तिने पुन्हा ओढला. मध्यावर समोरून दुसरी लाँच आली आणि आमच्याजवळून निघून गेली. तिच्यातल्या माणसांकडे मी बघितलंसुद्धा नाही. माझी नजर निळ्या पट्ट्यावर खिळलेली.

पलीकडे जाळीचं फाटक होतं आणि फाटकावर खाकी गणवेशातल्या एक दांडग्या बाई. कमरेला किल्ल्यांचा जुडगा. मी धापा टाकत म्हटलं, “बाई, समोरचा धक्का हाच ना?”

“छे हो! समोरचा धक्का तो. तुम्ही तिकडूनच तर आलात!”

“पण तिकडचे म्हणाले, समोरचा म्हणजे हा.”

“त्यांना तसंच वाटणार. ते तिकडे राहतात ना!”

फाटकाशेजारी रस काढणारा एकजण सगळं ऐकत होता. तो म्हणाला, “बाई, उगाच घोळ घालू नका. समोरचा धक्का म्हणजे हाच. माझ्या आजोबांपासून हाच.”

“तुमचे आजोबा राहायचे कुठे?”

“पलीकडे.”

“मग!” बाईंनी माझ्याकडे असं बघितलं, जणू खटला निकालात निघाला.

माझं डोकं गरगरायला लागलं. ढब्बूने सूर लावला. शेवटी मी जाळीतून बोट घालून जहाज दाखवलं. “हे निळ्या पट्ट्याचं. यात माझे मिस्टर आहेत. पाव भाजतात. एवढंच सांगा, ते कुठे भेटतील?”

बाईंचा चेहरा हळूहळू उतरला.

“उंच आहेत का? डाव्या भुवईत चीर?”

“हो, हो!”

“अगं बाई… ते केव्हाचे इथे घुटमळत होते. बायको समोरच्या धक्क्यावर येणार म्हणत होते. मीच म्हटलं, अहो, मग इथे काय करताय? समोर जा की! गेले बिचारे आत्ताच्या लाँचने.”

रसवाला कपाळावर हात मारून हसला. मला मात्र हसू येईना. मध्यावर जवळून गेली ती लाँच! मी परत फिरले तशी बाईंनी माझा दंड धरला. “कुठे निघालात? आता तुम्ही तिकडे जाल, ते इकडे येतील. दिवसभर लाँचवाल्याची चंगळ! बसा इथे. त्यांना जहाजावर तर यायचंच आहे.”

ते पटलं, पण बसवेना. त्याने ‘समोरच्या धक्क्यावर लागलोय’ लिहिलं, म्हणजे आपण जिथे आहोत तो समोरचा, हे त्याला ठाऊक होतं. मग तोच गाठायला तो दुसरीकडे का गेला? बाईंनी गोंधळात टाकलं म्हणून? की आधीच गोंधळलेला होता म्हणून? मी ढब्बूला रस चमच्याने पाजत हेच उलटंपालटं करत राहिले. एक लाँच आली, तो नव्हता. जहाजावरची कामकरी मंडळी खरेदीच्या पिशव्या घेऊन परतायला लागली. बाई एकेकाचं ओळखपत्र बघून आत सोडत होत्या आणि मधूनच माझ्याकडे बघून मान हलवत होत्या.

पुढच्या लाँचमधून तो उतरला.

बारीक झाला होता. शर्टाचं वरचं बटण खालच्या काजात. मला बघून थांबला, हसला आणि म्हणाला, “तू समोर येणार होतीस ना?”

“मी कुठे म्हणाले? तूच लिहिलंस.”

“मी?”

मी फोन त्याच्यापुढे धरला. त्याने स्वतःचाच निरोप वाचला. वाचतच राहिला. एवढीशी ओळ, पण त्याचे ओठ पुन्हा पुन्हा हलत होते.

“हां,” तो म्हणाला. “बरोबर आहे.”

काय बरोबर आहे ते मला कळलं नाही. मी ढब्बूला पुढे केलं. “घे ना.”

त्याने हात मागे घेतले. “पीठ लागलंय गं हाताला.”

हात स्वच्छ होते. नखंसुद्धा. ढब्बूनेच त्याचं एक बोट पकडलं आणि दोन दातांनी चावलं. तेव्हा मात्र त्याच्या चेहऱ्यावर जुना, आमच्या घरातला माणूस उगवला. “अरे लबाडे! बापाला खातेस?” म्हणत त्याने तिला उचललं, तिच्या मानेत नाक खुपसलं. मला वाटलं, झालं, उगाच काळजी करत होते मी.

“झोपतोस ना नीट?” मी विचारलं.

“मजेत.”

“अरे, झोपतोस का विचारलं.”

“सांगितलं ना, मजेत.”

फाटकातून बाईंनी हाक दिली. “चला हो पाववाले, फाटक लावायचंय.” त्याने लेक माझ्याकडे दिली, माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि निघाला. लाँचच्या दिशेने. रांगेत जाऊन उभासुद्धा राहिला.

“अहो! जहाज इकडे!” बाईंनी धावत जाऊन त्याला कोपराला धरून वळवलं. रसवाला हसला, परतणारे सोबती हसले. “याची सासुरवाडी पलीकडे दिसतेय!” कुणीतरी ओरडलं. तोही हसला. आधी मात्र क्षणभर त्याने जहाजाकडे असं बघितलं, जसं ते त्याने कधी पाहिलंच नव्हतं.

घरी आल्यावर जाऊबाईंना सगळं सांगितलं. त्या म्हणतात, त्या गावात भल्याभल्यांना चकवा लागतो, तुलाही लागलाच की. खरं आहे. त्याच्या कंपनीच्या कचेरीत फोन केला. तिथला माणूस म्हणाला, सगळ्यांची तपासणी होते, तब्येत उत्तम आहे. तेही खरं असेल. त्याचे निरोप येतात, “मजेत.” कधी कधी तोच निरोप एका दिवसात दोनदा. गाव चक्रावून टाकतं की माझ्या नवऱ्याच्या डोक्यात काही चाललंय, हे मला इथे बसून ठरवता येत नाही, आणि त्याला घरी बोलवावं तर कशाच्या जोरावर?

म्हणून तुम्हाला विचारते. तुमच्यापैकी कुणी सुट्टीला अशा जहाजाने जाणार असेल आणि त्याच्या कमरेला निळा पट्टा असेल, तर न्याहारीच्या वेळी वाढणाऱ्याला म्हणा, पाव फार छान झालेत, भाजणाऱ्याला भेटायचंय. डाव्या भुवईत चीर असलेला उंच माणूस येईल. साहेबासमोर काही विचारू नका. कसा आहेस असंही विचारू नका, तो मजेत म्हणेल. त्याला बाजूला घ्या आणि आज वार कोणता ते विचारा. लेकीला दात किती आलेत ते विचारा. तो लगेच सांगतो की थांबतो, थांबला तर किती थांबतो, तेवढं नीट बघा. आणि जे दिसेल ते मला कळवा. माझं मन राखायला काही गाळू नका.