फळीचं दुसरं टोक

"धर गं!" मिस्त्री ओरडला आणि लगेच त्याने जीभ चावली.

लाकूड चिरायच्या मशीनच्या पलीकडे कुणीच नव्हतं. लांबलचक फळीचं पुढचं टोक टेबलाबाहेर जाऊन खाली झुकायला लागलं होतं. त्याने गुडघ्याने बटण दाबलं. पातं गरगरत थांबलं. भिंतीला लांबी भरणारा रंगारी शिडीवरून हसला.

"मिस्त्री, कुणाला हाक मारताय? वहिनी तर घरी!"

"सवय रे बाबा. लग्नाची म्हण नाहीतर धंद्याची."

बायको पहिल्यांदा कामावर आली होती ती त्याचा विसरलेला डबा द्यायला. अर्धवट बांधलेल्या घरात हा एकटाच घडीच्या पायांच्या त्या मशीनवर फळीशी झटत होता. तिने डबा खिडकीत ठेवला, पलीकडे जाऊन फळी धरली आणि जोर लावून ओढली.

"ओढू नकोस! येईल तशी येऊ दे."

"मग मी काय करू?"

"काही नाही. नुसता आधार दे."

"म्हणजे संसारच की!" ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवसापासून डब्यासकट कामावर यायला लागली.

बघता बघता ती त्याच्या वरचढ झाली. खडबडीत जमिनीवर मशीन डुगडुगलं की त्याने सांगायच्या आत पायाखाली लाकडाची चीप सरकवायची. पातं लाकडाच्या वर जेमतेम डोकावेल इतकंच ठेवायला लावायची. तो फळीच्या नेमका मागे उभा राहिला की खेकसायची, "बाजूला व्हा! उलटी आली तर पोटात शिरेल!" दुपारी दारं नसलेल्या खोल्यांत दोघं जेवायची. लोकांच्या त्या घरांत ती मनातल्या मनात आपला संसार मांडायची. "इथे मी पलंग ठेवला असता. आणि तुम्हाला तिकडे, घोरायला."

मग तिचा उजवा हात बधिर व्हायला लागला. तिने ते कुणाला कळू दिलं नाही. एके दिवशी फळी निम्मी चिरून झाली असताना तिची बोटं सुटली. फळी तिरपी झाली, पात्यात आवळली आणि उसळून मागे आली. तो बाजूला उभा होता म्हणून कोपर खरचटण्यावर निभावलं. मागच्या खिडकीच्या काचेचा मात्र चुरा झाला.

ती धावत आली, त्याचा हात चाचपून पाहिला. मग तिने डोळ्यांवरचा कामाचा चष्मा काढला, पुसला आणि हत्यारांच्या पेटीत ठेवला.

"उद्यापासून मी येत नाही."

"अगं, एखाद्या वेळी होतं असं."

"एकच वेळ पुरते."

त्याने पेटीचं झाकण लावून टाकलं. तेच दोघांनाही लागलं.

आज रंगारी हसून झाल्यावर त्याने उरल्यासुरल्या तुकड्यांचा टेकू ठोकला आणि वर पाइपचा तुकडा फिरता बसवला. पहिल्यांदा टेकू उंच झाला, फळीचं नाक त्यावर आपटलं. टेकूचे पाय तासून त्याने तो टेबलाच्या पातळीला आणला. मग फळी अशी सरळ गेली की बघत राहावं. ती इतकी छान गेली, याचाच त्याला थोडा राग आला.

संध्याकाळी घरी आल्यावर हातपाय धुता धुता तो म्हणाला, "नवा माणूस ठेवला. लाकडी आहे, डोक्यावर पाइप."

"कसा आहे?"

"बोलत नाही."

"मग सुखात आहात!" ती हसली. जरा वेळाने म्हणाली, "सांगा तरी. मोठी फळी कशी गेली?"

तो तिच्यासमोर बसला. "सागवानी होती. मधे एक गाठ. मी आधारपट्टीला टेकवली, हळूहळू पुढे ढकलली..."

ऐकता ऐकता तिचे दोन्ही तळवे मांडीवरून उचलले गेले, उताणे झाले. उजवा डाव्यापेक्षा जरा खालीच राहिला. तिला पत्ताच नव्हता.

मिस्त्रीने पाहिलं आणि आवाज सावकाश केला. गाठ आली, गाठ गेली. घाई न करता त्याने ती फळी शेवटच्या टोकापर्यंत तिच्या हातात आणून दिली.