ठासणीच्या बंदुकीचा गज, मुक्काम महबूला

आधी दारू.

मी एक जुना गज आहे. मित्रांनो, खिडकीला उभे गज असतात, त्यांतला मी नव्हे. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि गोळी नळीच्या तोंडातून घालतात आणि ज्या लोखंडी काठीने ती आत ठासतात, ती काठी म्हणजे मी. सध्या माझा मुक्काम कुवेतमध्ये आहे. महबूल्यात सहाव्या मजल्यावरच्या एका खोलीत दोन खिळ्यांवर मी आडवा पडलेला असतो. माझ्या अंगावर निळा पडदा लटकतो. माझी बंदूक इथे नाही.

माझी गोष्ट मला नीट सांगता येणार नाही. मला एकच क्रम येतो, बंदूक भरण्याचा. आधी दारू, मग काथ्या, मग गोळी, मग ठासणे, मग गज बाहेर. पुढे चाप ओढायचा असतो, पण तेव्हा माझं काम संपलेलं असतं. म्हणून मी जेवढं सांगेन, ते त्याच क्रमाने.

रत्नागिरीकडच्या एका खाडीकाठी, फुटलेल्या गलबताच्या लोखंडातून लोहाराने आम्हा दोघांना घडवलं. बंदुकीची नळी आणि मी, एकाच पट्टीचे. तिच्या घोड्याच्या तोंडात गारगोटी बसवली. चाप ओढला की गारगोटी पोलादावर आपटायची, ठिणगी कानातल्या, म्हणजे नळीच्या बाजूच्या खळग्यातल्या, दारूवर पडायची आणि आवाज डोंगरापलीकडे जायचा. ती तयार झाल्यावर लोहाराने मला तिच्यात अगदी तळापर्यंत सोडलं. तिच्या तोंडाशी माझा जो भाग आला, तिथे त्याने कानशीने खूण केली. मग दारू-गोळी भरून पुन्हा सोडलं. या वेळी मी पुरता आत गेलो नाही. तिथे दुसरी खूण केली. वरची खूण तोंडाशी आली तर बंदूक रिकामी, खालची आली तर भरलेली. आत डोकावून कोणाला काही कळत नसे. सगळे मलाच विचारत.

मग काथ्या.

दारू सांडू नये म्हणून तिच्यावर नारळाच्या काथ्याचा बोळा ठासतात. आमचा काथ्या रामभाऊ वळायचा. रामभाऊ कुणबीवाडीतला माग काढणारा. बंदूक मोहल्ल्यातल्या यूसुफची. सांबराचा माग रामभाऊने काढायचा, वाडीने आरडाओरड करत हाका घालून जनावर उठवायचं आणि यूसुफने वाटेवर दबा धरून बसायचं.

वाटे ठरलेले असत. सांबर पडलं की यूसुफ धावत जाऊन त्याच्या गळ्यावर सुरी फिरवायचा, म्हणजे मोहल्ल्यालाही चाले. हाकाऱ्यांना सारखा वाटा. ज्याच्या गोळीने पडलं त्याला मुंडी. एक वाटा बंदुकीचा. रानडुक्कर पडलं, तर यूसुफ त्याच्याकडे पाहतही नसे. ते सगळं कुणबीवाडीत जायचं. पण बंदुकीचा वाटा द्यायचा राहत असे, म्हणून दुसऱ्या दिवशी रामभाऊ यूसुफच्या दारात फणस नाहीतर काकड्या आणून ठेवायचा.

"हे कशाचं?" यूसुफची बायको सईदा विचारायची.

"तुमच्या बंदुकीनं डुक्कर खाल्लं नाय, भाबी. तिला उपाशी कशी ठेवू?"

मित्रांनो, मी त्या वाट्याचा कधी घासही घेतला नाही. पण कोणीतरी आपल्याला जेवायला मोजतंय, याचं समाधान मोठं असतं.

मग गोळी.

एका हाक्यात यूसुफची गोळी डुकराच्या खांद्याला चाटून गेली. ते चिडलं आणि रामभाऊवर धावलं. यूसुफने घाईने पुन्हा दारू ओतली, काथ्या घातला, गोळी सोडली, मला आत ठासलं. आणि मला बाहेर काढायला तो विसरला. ठासणीच्या बंदुकीवाल्याची ही जुनीच चूक आहे. घाबरलेला हात चापाकडे आधी जातो.

मी सणसणत गेलो आणि ऐनाच्या खोडात रुतलो. पण तो आवाज, तो जाळ आणि कानावरून गेलेलं लोखंड यांनी डुक्कर बिचकलं आणि करवंदीत घुसलं. रामभाऊ जमिनीवर बसूनच होता. तिथूनच म्हणाला, "युसुफभाय, दुनिया डुकराला गोळी घालते. तू काठी फेकून मारलीस?"

दोघं इतके हसले की मला झाडातून उपसायला तिसरा माणूस लागला.

लोहाराने मला ऐरणीवर सरळ केलं. तरी वरच्या खुणेच्या जरा खाली केसभर बाक राहिला. तेव्हापासून मी नळीत उतरलो की एका जागी किंचित घासायचो. दुसरा कुठलाही गज तसा घासला नसता. तिला अंधारातही कळायचं, की आलाय तो मीच.

मग ठासणे.

पुढे शिकारबंदीचा कायदा आला. बरं झालं. तोवर रान इतकं ओकं झालं होतं की हाके रिकामे परतत. बंदुकीला परवाना उरला तो पिकाच्या राखणीपुरता. गोळी बंद झाली. दारू आणि काथ्या ठासून नुसता बार काढायचा, भातात शिरलेली डुकरं पळायची. मला तेही आवडायचं.

यूसुफचा मुलगा इम्तियाज कुवेतला आला, इथल्या शर्क भागातल्या मासळीबाजारात कामाला लागला. सईदा गेली. रामभाऊ गेला. यूसुफचा हात कापायला लागला आणि शेत पडीक राहिलं. निवडणुकीत बंदूक पोलीस ठाण्यात जमा केली, ती तिथेच राहिली; मी तेवढा घरी राहिलो होतो. ठाण्यातल्या साहेबाचं म्हणणं साधं होतं. शेतच नाही, तर राखण कशाची? शेत करणारा कोणी असेल तर त्याच्या नावाने परवाना करा, नाहीतर बंदूक सरकारजमा.

तेव्हा यूसुफ मला चादरीत गुंडाळून मुलाकडे आला. विमानतळावर अधिकाऱ्याने मला बाहेर काढून काहीतरी विचारलं. यूसुफला अरबी येत नव्हती. त्याने घाबरून हवेत दोन्ही हातांनी पडदा सारून दाखवला.

"सितारा?" अधिकारी म्हणाला, म्हणजे अरबीत पडदा.

यूसुफने मान हलवली. घरी हे ऐकून सून शाझिया म्हणाली, "बाबा, आता हा पडद्यालाच लावायला हवा. उद्या तपासायला आले तर?" असा मी खिळ्यांवर चढलो. माझ्या बाकापाशी पडद्याच्या कड्या अडायच्या आणि एक फट उरायची. फटीतून समुद्र दिसायचा.

परतीच्या आदल्या दिवशी यूसुफने विषय काढला.

"साहेब विचारतो, शेत कोण करतो? मी काय सांगू?"

"खरं सांगा, बाबा. कोणी करत नाही."

"मग बंदूक जाईल."

"जाऊ द्या की. डुकरं मारायची तरी कुठे आहेत आता?"

"मारायला कोण मागतंय? आवाज झाला की पळतात ती."

"मग यांनाच न्या," शाझिया म्हणाली. "बाजारात यांच्या आवाजाला गिऱ्हाइकं पळतात."

यूसुफ हसला. पण तो थांबला नाही. "तू दोन वर्षं ये. भात लाव. नावावर करून घे. मग जा परत."

"दोन वर्षांनी इथे राहायचा इकामा टिकेल का माझा? तो गेला की हे घर, पोरीची, सनाची, शाळा, सगळं गेलं."

"मग नाही म्हण."

"नाही म्हणवत नाही."

"पण येणार नाहीस."

इम्तियाजने माझ्याकडे, म्हणजे पडद्याकडे, पाहिलं. "नाही, बाबा," तो म्हणाला.

मग गज बाहेर.

सकाळी इम्तियाजने पडदा उतरवला आणि मला चादरीत गुंडाळून यूसुफच्या सामानाशी ठेवलं. म्हाताऱ्याने गाठ सोडली.

"मी काय करू याचं? विमानतळावरच्या साहेबाला सांगितलंय, पडद्यासाठी आहे म्हणून. मला खोटा कशाला पाडतोस?"

मग त्याने इम्तियाजचं बोट धरून माझ्या वरच्या खुणेवर ठेवलं. "ही रिकामीची खूण. लक्षात ठेव." एवढं बोलून तो लिफ्टकडे निघाला.

पावसाळ्यानंतर त्याचा फोन आला. "गेली रे ती. वितळवतात म्हणे." फोन ठेवून इम्तियाज खुर्चीवर चढला, पडदा एका बाजूला सारला आणि मला खाली काढलं. माझं टोक जमिनीवर टेकवून मला उभं धरलं. बोटाने खूण शोधली.

"काय करताय?" शाझियाने विचारलं.

"एवढी होती ती," तो म्हणाला. "इथपर्यंत."

त्याने मला पुन्हा खिळ्यांवर ठेवलं. संध्याकाळी पडदा ओढला की कड्या अजून बाकापाशी अडतात. पूर्वी शाझिया वैतागायची. आता ती फट तशीच ठेवते.

मित्रांनो, मला ना गोळी हवी, ना जनावर. पुन्हा एकदा तिच्यात उतरून त्या एका जागी घासावं, एवढंच वाटतं. तुमच्या घरातही जोडीपासून सुटलेलं काहीतरी असेल. मुसळ असेल, उखळ नसेल. त्याच्यावर कपडे वाळत घाला, माझी हरकत नाही. पण घालण्याआधी घरातल्या कोणालातरी विचारा, हे कशातलं आहे? सांगणारं माणूस आहे तोवर विचारा.

बंदूक उरली नाही. पण ती आत किती खोल होती, ते जगात अजून एका जागी खोदलेलं आहे. वरच्या खुणेपर्यंत.